गोचीड आणि नाक्यावरची गाडी

गोचीड विहिरीत गोळ्या टाकत होती. बंदुकीचं मॅगझिन काढायचं, कठड्यापाशी जायचं, बटण दाबायचं, गेलं. सहावं गेलं तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली, गोळ्या संपल्या. तिने खुर्ची पुढे ओढली आणि घामेजलेला कंट्रोलर जीन्सला पुसला.

सैनिक खोटा, विहीर खोटी, गोळ्याही खोट्या. घड्याळ मात्र खरं होतं आणि त्यात दोन वाजले होते. पाच वाजता गेम सीलबंद होऊन कंपनीबाहेर जाणार होता. त्याच्या आत त्यात काय मोडतंय ते शोधायचं, हे तिचं काम. खेळणाऱ्याने जे करू नये ते सगळं टेस्टरने करून बघायचं. भिंतीत घुसायचं, छपरावरून चालायचं, जनरल भाषण ठोकत असताना त्याच्या टेबलावर उड्या मारायच्या. एखाद्या गोष्टीला चिकटली की रक्त पिऊनच सुटते, म्हणून आमच्यात तिचं नाव गोचीड. घरी आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "पोरगी खेळते दिवसभर, आणि लोक तिला पगार देतात. जग बुडणारच आहे."

गेले नऊ दिवस गोचीड चिकटली होती नाक्याच्या मिशनला. रस्त्यावर नाका, तुम्ही पहाऱ्यावर. समोरून एक पांढरी गाडी येते आणि थांबतच नाही. पडद्यावर येतं, निर्णय तुमचा. कसला डोंबलाचा निर्णय. गोळी झाडली तर गाडी उलटते, आत नवरा, बायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि गाद्यांची वळकटी. नाही झाडली तर तुमची तुकडी मेली म्हणून पुन्हा सुरुवातीपासून. मग झाडायची. झाडली की पडदा काळा आणि कप्तानाचा जड आवाज, "तुझा दोष नाही, जवान."

"आधी हात धरून झाडायला लावायचं आणि वर विचारायचं, कसं वाटतंय," ती चहाच्या मशीनपाशी म्हणाली होती. "लाज वाटते का यांना?"

तिने न झाडायचे अकरा मार्ग करून पाहिले. बंदूक खाली ठेवली, गाडीपुढे उभी राहिली, हवेत झाडली. अकराही वेळा तुकडी मेली. रिकाम्या बंदुकीने जावं तर नाक्याच्या दाराशी गोळ्यांची पेटी, जवळून गेलं की बंदूक आपोआप भरते. आज तिच्या डोक्यात आलं, दाराने जायचंच कशाला? मागच्या पडक्या भिंतीवरून उडी मारू.

तिने मारली. बंदूक रिकामीच राहिली. ती रस्त्याच्या मधोमध गेली. गाडी आली.

आणि थांबली.

गोचीडच्या हातून कंट्रोलर सुटायचा बाकी होता. नवरा खाली उतरला, हात वर करून काहीतरी बोलला. ओठ हलले, आवाज नाही. मागचं दार उघडलं, मुलगी उतरली. तिच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, ती वाकून बांधायला लागली. आई गाडीतूनच तिला ओरडली, तेही मुक्यानेच. मग नाक्याचा दांडा वर गेला, गाडी निघून गेली आणि पडद्यावर आलं, मिशन पूर्ण.

हे गेममध्ये नसायला हवं होतं. दोन महिन्यांपूर्वीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं की नाक्यावर एकच रस्ता, झाडण्याचा, बाकीचे कापा. कापायचं काम आमच्या टीमच्या लीडचं. तो कापण्यात इतका तरबेज की त्याचं नावच कातर पडलेलं. मग हा रस्ता ठेवला कुणी?

गोचीडला विचार करावाच लागला नाही. मास्तर.

मास्तर म्हणजे गेमची गोष्ट लिहिणारे. आधी शाळेत शिकवायचे. गोचीडने नववीत शाळेला रामराम ठोकला आणि एका गेम पार्लरच्या काउंटरवर बसली, तिथे ते तिला भेटले. गिऱ्हाईक नसलं की ती गेम मोडत बसायची. मास्तर दोन तास मागे उभे राहून बघत होते. नंतर त्यांनीच तिला इथे आणली, रिपोर्ट लिहायला शिकवलं. तीन ओळी, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. तिच्या चुका लाल पेनाने सुधारताना एकदाही "ढ" म्हणाले नाहीत. तिच्यासाठी एवढं पुरे होतं. मास्तरांच्या वाटेला जाणाऱ्याला ती चावलीच असती.

आणि मास्तर आधीच गोत्यात होते. मेलेल्या सैनिकाच्या खिशात त्यांनी कुणाला न विचारता एक चिठ्ठी घातली होती. तेव्हा सरळ सांगितलं गेलं, पुन्हा असं लपवून काही घातलंत तर घरी जाल, आणि गेमच्या शेवटी नावं येतात त्यात तुमचं नाव नसेल. सहा वर्षांचं काम, आणि नाव नाही.

आता रिपोर्ट लिहावा तर मास्तर बुडतात. न लिहावा तर टेस्टरचा पडदा दिवसभर रेकॉर्ड होतो, कुणी उघडून बघितलं तर ही बुडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने अर्धा तास नखं खाल्ली आणि मग लिहिलं. काय केलं: नाक्यावर गेले. काय झालं: एका सीनमध्ये आवाज येत नाही. काय व्हायला हवं होतं: आवाज. शिक्का, किरकोळ. शेवटच्या दिवशी किरकोळला कोण हात लावतंय? एकशे बारावा रिपोर्ट, यादीच्या तळाशी.

कातर यादी तळापासून वाचायचा, हे ती विसरली.

सव्वाचारला तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "एकशे बारा. कसला सीन?"

"नाक्यावरचा. आवाज नाही त्याला."

"नाक्यावर आवाज नसलेला सीन नाही आपल्याकडे. आणि तिथे गेलीस कशी, ते लिहिलं नाहीस."

"पायी गेले."

शेजारचं कुणीतरी फिसकन हसलं. कातर हसला नाही. "दाखव."

तेवढ्यात मास्तर आले, हातात चष्म्याचं घर. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मग तेही पडद्याकडे बघत उभे राहिले.

गोचीडने मिशन सुरू केलं. विहिरीशी गेली, गोळ्या टाकल्या. मॅगझिन खाली जाताना दर वेळी डुबुक वाजायचं. कातरचा श्वास मानेवर लागत होता. सहा डुबुक. आता डावीकडे पडकी भिंत, उजवीकडे दार.

आमच्या कामात एक सोय असते. चूक पुन्हा करून दाखवता आली नाही, तर रिपोर्टवर 'पुन्हा दिसली नाही' असं लिहून तो मिटवतात. चूक तिथेच राहते. तिला फक्त दाराने जायचं होतं. पेटीजवळून जायचं, बंदूक भरू द्यायची. मग सीन दिसणार नाही, मास्तर सुटतील, आणि कुठेतरी कुणीतरी एखादा खेळणारा रिकाम्या हाताने त्या रस्त्यावर उभा राहू शकेल.

मात्र मग गाडी येणार. आणि कातरच्या समोर, मास्तरांच्या समोर, तिला झाडावी लागणार.

ती उजवीकडे वळली. खट्ट आवाज झाला, बंदूक भरली. गाडी आली. नऊ दिवसांत तिने त्या गाडीवर शंभरदा तरी झाडली असेल, दात कोरता कोरता झाडली असेल. आता बोट जागचं हलेना. मुलगी मागच्या सीटवर आहे, ते तिला ठाऊक होतं. नाडी सुटलेली आहे, तेही.

"गोचीड," कातर म्हणाला.

तिने झाडली. गाडी उलटली, गाद्या रस्त्यावर पसरल्या, पडदा काळा झाला. तुझा दोष नाही, जवान.

"नाही येत पुन्हा," ती म्हणाली. "एकदाच झालं होतं."

"तुला पुन्हा येत नाही," कातर सावकाश म्हणाला. "तुला."

"नाही येत म्हटलं ना."

रेकॉर्डिंग उघडायला त्याला दोन मिनिटं पुरली असती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग मास्तरांकडे. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कातर वाकला, तिच्याच कीबोर्डवर टाइप केलं, पुन्हा दिसली नाही, आणि रिपोर्ट मिटवला. पाच वाजता गेम गेला.

सगळे खाली उतरले तेव्हा मास्तर जिन्यात थांबले होते. "न झाडता गेली होतीस ना तू आधी?" त्यांनी विचारलं. "गाडी थांबली होती?"

"हो."

"मग आत्ता का झाडलीस?"

"तुमच्यासाठी," गोचीड म्हणाली. "आणि मास्तर, आता गप्प बसा. भिंतीलाही कान असतात."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले, आणि उरलेला जिना कठड्याला धरून उतरले. गेमच्या शेवटी त्यांचं नाव आलं, वरून तिसरं. गोचीडने आईला मुद्दाम बसवून ते दाखवलं.

मला बाकीचं कळलं वर्षाने, पुढच्या गेमसाठी जुन्या कामांची यादी चाळताना. नाक्यावरचा तो दुसरा रस्ता काढून टाका, असं गेम जायच्या दोन महिने आधी लेखी मागितलं होतं मास्तरांनीच. खाली कारण दिलं होतं, "सुटायची वाट ठेवली तर झाडणाऱ्याला वाटेल, आपल्याला कोडं सुटलं नाही. मी कोडं घातलेलं नाही." त्याच्याखाली कातरने, रस्ता न कापता, दोनच शब्द लिहिले होते, "राहू दे."