हळदीच्या घरी आलेला सांगावा

तीर्थपुरीच्या गोजरबाईच्या घरी धाकट्या लेकीची हळद होती. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. रझाकारांच्या धास्तीनं ज्याची पोर वयात आली, तो मिळेल त्या तिथीला लग्न उरकून मोकळा होत होता. थोरली सून साळूबाई पहाटेपासून राबत होती. तिकडं वडीगोद्रीला तिची आई अंथरुणाला खिळली होती. एवढं लग्न झालं की भेटून यायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

दुपारी दारात कुणी आलं आणि उभ्याउभ्याच परतलं.

"कोण आल्तं, आत्याबाई?"

"चुकार बैल हुडकीत आल्तं कुणीतरी. तू हळद लाव."

साळूबाईनं नणंदेला हळद लावली, गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या नजरेआड झाल्या, तेव्हा सासू म्हणाली, "साळू, काल तुझी माय गेली. आता रड खुशाल."

साळूबाईला रडू फुटलं नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बद्रीनाथ मांडवाचे दोर सोडत होता.

"तुमाला ठावं व्हतं?"

"लगीन मोडलं असतं," तो खाली बघत म्हणाला. "दिवस कसे हायेत, दिसतंय ना?"

ती तशीच चालत वडीगोद्रीला गेली. भाऊ पुंजाराम ओसरीवर बसला होता. तो उठला नाही.

"दिस बुडेस्तोवर मायला ठिवलं तुझ्यासाठी," तो म्हणाला. "अन् तुझा निरोप काय, तर लगीन झाल्यावर येते!"

"म्या न्हाई धाडला तसा निरोप! मला कुणी सांगितलंच न्हाई, दादा."

"तुझ्या सासूनं माझ्या माणसाला तोंडावर सांगितलं. हळदीचे हात तर दिसूनच राह्यलेत."

तिनं आईची आण घेतली. पुंजाराम उठून आत गेला.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उधळला. दिवाळीला साळूबाईला न्यायला माहेरचं कुणी आलं नाही.

"एकडाव जाऊन दादाला खरं सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं ऐकंल तो."

बद्रीनाथ पाटावर येऊन बसला. मग म्हणाला, "आईला खोटी पाडू का चार माणसांत?"

साळूबाईनं त्याच्या पुढ्यात भाकरी वाढली आणि ती गोठ्यात निघून गेली. पुढं ती सासूच्या माघारीही बरीच वर्षं जगली. वडीगोद्रीहून येणाऱ्या माणसाला थांबवून ती भावाची खुशाली विचारायची. बद्रीनाथ तिथंच बसून ऐकायचा. आता खोटी पडायला आई उरली नव्हती, तरी तो पुंजारामकडं गेला नाही.