तार तुटलेली नाही

दुकानदाराने बेस गिटार काउंटरवर आडवी ठेवली आणि मी आधी तारा मोजल्या. चार. गिटारला सहा असतात एवढं मला माहीत होतं. "दो तार टूटे हैं क्या?" मी विचारलं. तो हसला. "बेस है भाऊ, इसमें चार ही आते हैं." तरी खालच्या पट्टीवर आणखी दोन भोकं आहेत का, हे मी बोट फिरवून पाहिलंच. लूम चालवणाऱ्याचं असंच होतं. उभ्या धाग्याला आम्ही तारच म्हणायचो, आणि एक तार कमी दिसली की हात आपोआप गाठ मारायला धावायचा.

आठवी अर्धी टाकून मी खानदेशातून सुरतेला आलो होतो. मामाने आणलं. मामा म्हणजे आईचा चुलत भाऊ, पण सख्ख्याने केलं नसतं एवढं त्याने केलं. बमरोलीतल्या आपल्या खोलीत जागा दिली, कारखान्यात आपल्या ओळीतले लूम मला मिळवून दिले. खोलीत लोखंडी खाट एकच. त्याची रात्रपाळी असली की दिवसा खाट त्याची, रात्री माझी. त्यामुळे ती गिटार खांद्यावर घेऊन गल्लीत शिरताना मी भिंतीच्या कडेने चालत होतो. लोक जिथे पाळीपाळीने झोपतात, तिथे वाजवायची वस्तू आणणारा भाचा कोणाला हवा?

वस्तू जड होती. कापडाचा ताका उचलल्यासारखी. मान इतकी लांब की पहिल्या पट्टीपर्यंत हात नेताना खांदा ओढला जाई, आणि बारा तास उभं राहून तो आधीच गेलेला असे. तारा जाड, पीळ घातलेल्या, थंड. पॉलिशचा वास नवा होता. माझ्या मालकीच्या कुठल्याच वस्तूला तोवर नवा वास नव्हता.

मामा अंघोळ करून आला. गिटारकडे पाहत डोकं पुसत राहिला.

"हाई काय शे? दोन तारा तुटेल शेतस."

"चारच असतात, मामा."

"वाजाड बरं."

मी तार ओढली. तार हलताना दिसली, ऐकू काही आलं नाही. इलेक्ट्रिक बेस अ‍ॅम्पला जोडल्याशिवाय बोलत नाही, आणि आमच्या खोलीखालच्या कारखान्यात लूम चालू होते.

"आवाज कोठे शे? दुकानवालानी तुले फसाडं, भाचा," म्हणाला आणि खाटेवर आडवा होऊन झोपला. मला हायसं वाटलं. निदान त्याची झोप तरी मोडणार नव्हती.

गिटार घेतली होती ती ऑर्केस्ट्रासाठी. लग्नात, गणपतीत वाजवणारी एक लहान पार्टी होती. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचे स्पीकर उचलायला जायचो. त्यांचा बेसवाला लग्न करून वापीला गेला, तेव्हा कीबोर्ड वाजवणारे मास्तर, सुरतचेच गुजराती, मला म्हणाले, "भाऊ, तू शिकी जा ने." लूमवर मी नसलो तर तासाभरात बदली माणूस उभा राहायचा. इथे कोणीतरी मला आपणहून मागितलं होतं. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

मास्तरांच्या घरी पहिल्यांदा अ‍ॅम्पला वायर लावली. आवाज कानाआधी पायांतून आला, फरशीतून वर चढला. मला बरं वाटलं. पण लगेच अडचण कळली. बेसमध्ये जेवढं वाजवायचं तेवढंच सोडायचं असतं. दोन ठोके द्यायचे, एक मोकळा ठेवायचा. मला मोकळा ठेवता येईना. बोट आपोआप तारेवर पडायचं, धाड धाड धाड.

"भाऊ, तू संचो नथी चलावतो," मास्तर म्हणाले. "जरा अटक ने." लूम नाही चालवत आहेस, जरा थांब, असं त्यांचं म्हणणं. सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना काय सांगणार. आमच्याकडे आवाज थांबला म्हणजे काहीतरी तुटलं. तार तरी गेली, नाहीतर आडवा धागा नेणारा धोटा अडकला. लूमच्या कल्लोळात आम्ही बिनघोर झोपायचो, आणि लूम बंद पडले की दचकून उठायचो. शांततेत मी काय तुटलं ते शोधायला धावायचो, आणि गाण्यातही माझं बोट तसंच धावायचं.

गणपती जवळ आले होते. मास्तरांनी चहा देताना हळूच सांगितलं, सरावाच्या पुढच्या बैठकीला जमलं नाही तर कडोदऱ्याचा एक मुलगा तयार आहे. रागावून म्हणाले नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.

सराव करायचा कुठे? लाईट असली की लूम चालू, म्हणजे स्वतःचं वाजवलेलं ऐकू येत नाही. लाईट गेली की लूम बंद, पण अ‍ॅम्पही मुका. तो अ‍ॅम्प तर माझा नव्हताच.

मग आमच्या पट्ट्याची लाईटची सुट्टी आली. आठवड्यातून एकदा त्या भागाची वीज बंद असे. दुपारची वेळ, गल्ली गप्प, मामा खाटेवर घोरत होता. मी जमिनीवर बसलो, गिटारचं लाकूड खाटेच्या लोखंडी पट्टीला टेकवलं आणि हलकेच तार ओढली. लोखंडातून बारीक घुमारा आला. ऐकू आला. दोन ठोके दिले, तिसरा सोडला.

मामाचा डोळा उघडला. "तार तुटनी का रे?"

"नाही मामा. झोपा."

पुन्हा दोन ठोके, पुन्हा मोकळी जागा. पुन्हा मामा हलला. "काय तुटनं?" मला हसू आलं, आणि लाजही वाटली. माणूस थकून आला होता. पण थांबवलं त्याने नाही, आणि मी वाजवत राहिलो. हळूहळू कळायला लागलं की मी ती जागा सोडत नव्हतो, तिथे घाबरून हात आखडत होतो. ठोका कापल्यासारखा संपायचा. मग मी तार घुमू दिली, वेळेवर बोट टेकवून शांत केली, आणि मनात पुढचा ठोका धरून बसलो. मोकळी जागा आली आणि गेली. मामा घोरतच होता. पुन्हा केलं. घोरतच होता. बोटं सुजेपर्यंत मी ते करत राहिलो, त्याचं तोंड बघत.

पुढची बैठक सुट्टीच्या दुपारी होती; मी आदल्या पाळीच्या थकव्याने अर्धवट झोपेत गेलो. गाणं सुरू झालं. पहिली मोकळी जागा आली. हात तारेवर निवांत होता. मास्तरांनी मान वर करून पाहिलं नाही. गाणं संपल्यावर म्हणाले, "गणपतीमां काळुं शर्ट पहेरजे." सगळी पार्टी काळ्या शर्टात वाजवायची.

खोलीवर आलो तेव्हा मामा पाळीला निघाला होता, डबा हातात.

"ठेवलं त्यांनी मला, मामा."

त्याने चपला घातल्या. कोपऱ्यातल्या गिटारकडे एकदा पाहिलं.

"मंग आते त्या दोन तारा बसाडी ले," म्हणाला, आणि जिना उतरला. खाट अजून गरम होती. मी तसाच आडवा झालो.