मैदानाला लागून असलेल्या घराची सही

बाबा गेल्यावर मी दर शनिवारी लातूरहून नांदेडला जाऊ लागले. घर बंद राहू नये, संध्याकाळी दिवा लागावा, असं मी कॉलेजात सांगत असे. मी तिथे ग्रंथपाल आहे. तिथेही शांतताच असते, पण ती मला राखावी लागते. नांदेडच्या घरातली आपोआप असायची. बाबांच्या खुर्चीत बसून त्यांनी खुणा केलेली पुस्तकं वाचायची, ऊन उतरलं की गच्चीवर जाऊन मैदानाकडे बघायचं, आणि रविवारी परत बस धरायची.

त्या मैदानावर बाबा दरवर्षी थंडीत दोन संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम करायचे. उघड्यावर, सतरंज्या टाकून, येईल त्याला मोकळा. सुरुवातीला एक माईक आणि दोन कर्णे होते. माणसं वाढली तसे माणसाच्या उंचीचे साउंडबॉक्स आले. घरात रेडिओचा आवाज कधी वाढवू न देणारे बाबा मग कौतुकाने सांगायचे, "पार पुलापर्यंत ऐकू जातं."

पुलापर्यंत जाणारं गाणं मैदानाच्या कडेच्या घरांत कसं वाटत असेल, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. आम्ही पहिल्या सतरंजीवर बसलेलो असायचो.

गेल्या वर्षी कुणीतरी पोलिसांना फोन केला. तेव्हा समज देऊन सोडलं, पण यंदा ठाण्यातून निरोप आला: आधी मैदानाभोवतीच्या घरांची लेखी संमती आणा, मग स्पीकरच्या परवानगीचं बघू. हा निरोप घेऊन बाबांचे जुने मित्र माझ्याकडे आले. ते तबला वाजवतात. मी त्यांना तबल्याचे काका म्हणते.

"यंदाचा कार्यक्रम सरांच्या नावानं करायचा, ताई," ते म्हणाले. "तुम्ही फक्त सोबत चला. बोलायचं मी बोलतो."

"गेल्या वर्षी तक्रार झाली होती ना?"

"झाली होती. पण आता तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं वर्षाच्या आत शब्द टाकला तर तो खाली पडू देत नाहीत. कुणी हे शिकवत नाही. शेतावरून भांडलेले भाऊबंदसुद्धा त्या वर्षात गप्प राहतात. तबल्याचे काका वाईट माणूस नाहीत. बाबांचा कार्यक्रम चालू राहावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि माझीही. मी कपाटातून फिकी साडी काढली. मी एरवीही फिक्याच साड्या नेसते, पण त्या दिवशी ती मी निवडून काढली.

पहिल्याच घरातले आप्पा ओट्यावर दाढी करत होते. कागद बघून त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"परत का? अहो, मागच्या साली तुमच्या तबल्याबरोबर माझ्या खिडकीची काच ताल धरून राहिली होती. बिदागी तिलाच द्यायला पायजे होती."

"यंदा काचेला स्टेजवर बसवतो, आप्पा," तबल्याचे काका म्हणाले.

"बसवाच. तुमच्यापेक्षा लयीत हाय ती."

मग त्यांना मी दिसले. तोंडावरचं हसू त्यांनी पुसल्यासारखं काढलं. "आण पोरी, कुठं करायची सही?" साबणाचा हात पंच्याला पुसून त्यांनी सही केली. पुढच्या घरांतही तेच झालं. बोलणं माझ्यापर्यंत आलं की थांबायचं. मी एक शब्दही बोलत नव्हते. बोलायची गरजच नव्हती.

शेवटचं घर काकूंचं. आमच्या घरासमोरच गल्लीच्या पलीकडे, मैदानाला अगदी लागून. बाबांना नेलं त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही, तेव्हा कडू घासाची पिठलं-भाकरी काकूंकडूनच आली होती. मी खात नव्हते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरला आणि मी तोंड उघडेपर्यंत हात खाली घेतला नाही.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले आहेत. पुढच्या खोलीतच त्यांची कॉट. काकू चष्मा शोधत होत्या तेवढ्यात तबल्याच्या काकांचा मोबाइल वाजला, मोठ्यानं, कुठलीशी बँडची धून. कॉटवरचं शरीर एकदम ताठ झालं. चांगला हात कॉटचा दांडा चाचपू लागला आणि घशातून आवाज आला, लहान मूल झोपेत दचकावं तसा. काकूंनी दोन पावलांत जाऊन दोन्ही तळव्यांनी त्यांचे कान झाकले. मोबाइल बंद झाला तरी त्या तशाच उभ्या होत्या, काकांचे खांदे सैल पडेपर्यंत.

"असंच होतं त्यान्ला," त्या म्हणाल्या. "दे कागद."

मी विचारलं, "कार्यक्रमाच्या वेळी काय करता, काकू?"

"हदगावला नेत होतो की, लेकीकडं. जीप करून. तुझ्या बापाला कधी सांगितलं न्हाई. उगं त्यांच्या जिवाला लागलं असतं."

"आणि यंदा?"

"यंदा डॉक्टर हलवू नका म्हणले. बघू. कापूस घालू कानात. दोनच तर दिवस." त्यांनी सही केली, सावकाश, अक्षर अक्षर जोडून. "तुला नाही म्हणता येतंय का मला?"

बाहेर आल्यावर तबल्याचे काका म्हणाले, "झालं! सगळी घरं झाली." मी कागदाची घडी घातली.

ठाण्यात जायला मी सोमवारची रजा घेतली. मला बघून साहेब खुर्चीतून उठले, चहा सांगितला. "सरांचं कळलं. वाईट झालं. तुमचं काम अडवलं तर लोक आम्हाला काय म्हणतील?" सह्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी मनापासून दिली ना?"

"मनापासून, साहेब," तबल्याचे काका म्हणाले. "वरून चहा पाजून दिली."

आता शिक्का बसणार होता. मी म्हणाले, "एका घरात आजारी माणूस आहे. त्यांना आवाज सोसत नाही."

"कुठलं घर?"

मी घर सांगितलं. सही दाखवली. काकांना आवाजानं काय होतं तेही सांगितलं, अगदी नीट, वाचनालयातल्या अर्जाला उत्तर द्यावं तसं. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मग मैदानावर स्पीकर देता येणार नाही, मंगल कार्यालयात बंद दाराआड करा, म्हणाले. चहा तसाच राहिला.

रस्त्यावर आल्यावर तबल्याचे काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काय करून बसलात हे, ताई? सही होती ना त्यांची? सरांनी एवढी वर्षं उभं केलेलं तुम्ही चहा गार व्हायच्या आत मोडलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र त्या वेळी हलकं वाटत होतं. लातूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला शाबासकी देत होते, हे आठवलं की अजून मान खाली जाते.

पुढच्या शनिवारी मी काकूंकडे गेले. त्या दारात आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

"मी सही दिली होती का नव्हती?"

"दिली होती, काकू."

"मग? सगळी गल्ली बोलून राहिली. बाप गेलेल्या पोरीला हिनं नाही म्हणलं, सरांचा कार्यक्रम हिनं मोडला. मी म्हणलं होतं का नाही?"

"काकांसाठीच मी..."

"त्यान्ला मी बघून राहिले होते. तू कामून बघितलंस? मी तुला दिली ती सही तू साहेबाच्या टेबलावर नेलीस आन खोटी पाडून मला परत आणून दिलीस."

आतून कॉट करकरली. त्या वळल्या आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. त्या घरात दार आपटत नाहीत.

मी घरी येऊन बाबांच्या खुर्चीत बसले. हातातलं पुस्तक उघडलंही नाही. मला एकच वाक्य म्हणायचं होतं: यंदा मैदानावर नको, माझं मन नाही. कुणी कारण विचारलं नसतं. ज्या दुःखापुढे गल्लीनं मुकाट सह्या केल्या, त्याच दुःखापुढे गल्लीनं हेही मानलं असतं. नाही म्हणण्याचं ओझं उचलायला माझे खांदे त्या वर्षापुरते तयार होते. मी मात्र माझं दुःख सह्या मिळवायला पुढे केलं, आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हा काकूंना पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घरोघर गेले, या वेळी एकटी. मैदानावर नको असं मीच ठाण्यात सांगितलं, काकूंनी तर सही दिली होती, असं प्रत्येक दारात म्हणाले. लोक ऐकून घेत होते. बसा म्हणत होते. आप्पा ओट्यावरच होते.

"तूच नको म्हणलीस?"

"हो, आप्पा."

"हाव का? मग सह्या मागायला कामून आलीस?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी मग ओट्यावर सरकून जागा केली आणि मी त्यांच्या शेजारी बसले.

कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला. माणसं थोडीच आली असं ऐकलं. तबल्याच्या काकांनी बोलावलं होतं, पण मी गेले नाही. दिवेलागणीला गच्चीवर खुर्ची टाकून बसले. मैदानावर सतरंज्या नव्हत्या, दोन कुत्री होती. काकूंची खिडकी उघडी होती. आतून काकांचा तो दचकल्याचा आवाज आला. काहीही वाजत नव्हतं, तरी आला. त्यांना वर्षातली ही संध्याकाळ लक्षात असावी.

"न्हाई, न्हाई," काकू म्हणत होत्या. "आज काही वाजायचं न्हाई. झोपा तुम्ही."

त्या हळूच बोलत होत्या, माणूस उशाशी बसून बोलतो तेवढंच. गल्लीच्या या बाजूला, गच्चीवर, मला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मी उठले. खुर्ची ओढली तर फरशीवर आवाज होईल म्हणून ती तिथेच ठेवली आणि खाली आले.