पहिलं माप

मुखेडच्या आठवडी बाजारात ती चुरमुरे विकायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस होता. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे माप घालताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ही मात्र म्हणायची, "आभार, दोन, तीन..."

शेजारच्या म्हाताऱ्या मिरचीवालीला ते खपायचं नाही. "लाभ म्हण गं पोरी! म्हणूनच तुझ्या धंद्याला बरकत न्हाई."

"लाभ अजून यायचा हाय, मावशे. आभार आलेल्याचे. प्रभूनं पोटापुरतं दिलंय, मला लई झालं."

मला ते चर्चमध्ये पाठ केलेलं बोलणं वाटायचं.

एका बाजाराच्या दिवशी मोकाट वळू उधळला आणि थेट तिच्या पोत्यात घुसला. चुरमुरे चिखलात गेले. मिरचीवालीच आधी रडायला लागली. हिचेही डोळे भरले होते. तिनं फाटक्या पोत्याच्या तळाशी हात घालून चाचपलं. जेमतेम एक माप निघालं. ते तिनं म्हातारीच्या ओच्यात ओतलं आणि म्हणाली, "आभार."

दोन म्हणायला काही उरलंच नव्हतं.