‘काय बदललं?’चा रकाना

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या हेब्बाळच्या लॅबमध्ये ते जुन्या केबलींसारखे साठतात. टाकायला जावं तर कुणीतरी म्हणतंच, "राहू दे, लागेल!"

काम आमचं असं: लेसरचा तडाखा गॅसवर मारायचा, तिथे उठणाऱ्या प्लाझ्माच्या लाटेवर इलेक्ट्रॉन पळवायचे आणि पुढे चुंबकांच्या रांगेतून नागमोडी नेऊन त्यांच्याकडून प्रकाश काढायचा. इतरांना ज्याला अख्खं मैदान लागतं, ते आम्ही एका हॉलमध्ये बसवलंय. हो, बसवलंय! लेसर मी सांभाळतो, उगाच बोलत नाही.

*

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रजिस्टरात ‘काय बदललं?’च्या रकान्यात लिहायची. आमचे टेक्निशियन मंजुनाथ अण्णा निपाणीकडचे. ते तिथे चहाचे कपसुद्धा लिहायचे! ‘आरसा स्वल्प डावीकडे. चहा तीन.’

मी वैतागलो. "अण्णा, चहाचा आणि इलेक्ट्रॉनचा काय संबंध?"

"सर, संबंध तुम्ही शोधा. मी फक्त लिहितो!"

*

वैदेही पुण्याची, पीएचडीचं सहावं वर्ष. नुसत्या प्रकाशावर तिचं भागणार नव्हतं, तो एकदम कित्येक पटींनी उसळायला हवा होता. आई रोज विचारायची, "कधी संपणार गं?"

"प्रकाश मिळाला की!"

एके दिवशी आईनं व्हिडिओ कॉलवर निरांजन धरलं. "यानं चालतंय का बघ!"

*

उसळी एकदा आली. मग दुसऱ्यांदा. बातमी ऐकून शेजारच्या लॅबवाले धावत आले, कंट्रोल रूम भरली आणि उसळी गायब! महिनाभर मी लेसरचे आरसे नीट करत बसलो.

"सर, नजर लागते," वैदेही म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो, "फिजिक्समध्ये नजर नसते!"

*

आणि मग कमिटी आली. आज उसळी दिसली नाही तर प्रोजेक्ट बंद आणि वैदेहीची सहा वर्षं पाण्यात. कंट्रोल रूममध्ये आठ पाहुणे. शॉटमागून शॉट, स्क्रीनवर तोच फिकट ठिपका. वैदेहीचे डोळे भरले. मी उगाच तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत होतो, खोटं कशाला बोलू!

अण्णा शांतपणे रजिस्टर चाळत होते. "सर, उसळी आली तेव्हा चहा तीन. गेली तेव्हा दहा-अकरा. लेसर हॉलच्या एसीचा सेन्सर कुठे आहे?"

मी भिंतीकडे बघितलं. कंट्रोल रूमच्या भिंतीकडे! हॉलमध्ये ड्रिलिंगची धूळ नको म्हणून मीच तो इथे ठोकला होता. माणसं जमली की ही खोली तापायची, सेन्सर फसायचा, एसी तिकडे हॉल उगाच गार करायचा आणि माझे आरसे जागचे हलायचे.

अण्णा सरळ चेअरमनकडे वळले. "सर, स्वल्प बाहेर थांबता का?"

मी डोळेच मिटले. पण चेअरमन उठले, मागोमाग कमिटी. खोली निवेपर्यंत अर्धा तास सगळे कॉरिडॉरमध्ये, काचेला नाक लावून.

शॉट. ठिपका भडकला! वैदेहीनं लॅपटॉप उचलून काचेला टेकवला. बाहेरून चेअरमननी बोट वर केलं: पुन्हा! पुन्हा भडकला. असं सात वेळा.

मग ते आत आले, एकटेच. रजिस्टर ओढलं, खिशातलं पेन काढलं, ‘काय बदललं?’च्या रकान्यात ‘चेअरमनला बाहेर काढलं’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.