टॉवरचा दिवा मी बंद केला

नवऱ्याची तेरवी होऊन आठवडा झाला होता. आमगावजवळच्या आमच्या शेतात रेडिओचा टॉवर आहे. त्याच्या कुंपणाची किल्ली आमच्याच घरी असायची. शेजारच्या शेताचे भाऊजी आले.

"वहिनी, त्या लाल दिव्यानं धानावर तुडतुडा येऊन राहिला. बंद करा ना."

लाल दिव्यावर तुडतुड्याची कीड येते का, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं, मी काहीच विचारत नव्हते. गेले आणि दिव्याचा खटका पाडला.

महिन्याने टॉवर कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. आमच्याकडे शिकाऊ विमानं बरीच खालून जातात. एका वैमानिकाला सांजेला टॉवर ऐनवेळी दिसला, त्याने तक्रार केली. टॉवरवरचा दिवा चालू ठेवायची कायद्याने जबाबदारी टॉवरच्या मालकाची, शेतमालकाची नाही. म्हणून खुलासा कंपनीने द्यायचा होता.

"बल्ब उडाला असं लिहिलंय, मॅडम. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करा."

"करून टाका, वहिनी," त्याच्यासोबत आलेले भाऊजी म्हणाले. "कायले फसता?"

बल्ब चांगला होता. मी कागद परत दिला. दुसऱ्या कागदावर दिवा मी बंद केला असं तारखेसह लिहिलं आणि खाली सही केली. भाऊजींचं नाव घातलं नाही, कारण खटका मी पाडला होता.

"आता नोटीस तुम्हाला येईल," तो माणूस म्हणाला.

"पत्ता खाली लिहिलाय," मी म्हटलं.

भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.