गोडेतेल लावलेला पट्टा

आमच्या घरी मोटार होती आणि ती न वापरण्यासाठी होती. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती सांगलीच्या एका वृद्ध डॉक्टरांकडून विकत घेतली. डॉक्टरांनी ती फारशी चालवली नव्हती. आबांनी तर तिला देव्हाऱ्यातच बसवले. औंधजवळच्या आमच्या गावात सत्तरच्या दशकात दुसरी मोटार नव्हती. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला छपरीत नेऊन मीटरवरचा आकडा दाखवला जाई. आकडा लहान असणे ही आमच्या घराण्याची कर्तबगारी होती. इंजिन झिजू नये म्हणून दसऱ्याला चारपाच गडी गाडी ढकलत देवळापर्यंत नेत आणि ढकलतच परत आणत. स्टिअरिंगशी आबा बसत, फेटा बांधून, समोर पाहत.

मला त्या छपरीची किळस होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज आणि मधे ही काळी मोटार. दर अमावस्येला आबा तिच्यापुढे नारळ फोडत, चाकांना हळदकुंकू लावत आणि मग बॉनेट उघडून आतल्या प्रत्येक रबरी वस्तूला गोडेतेल चोळत. रायफल तेल लावून ठेवतात, तशीच गाडीही ठेवायची, एवढे साधे त्यांचे शास्त्र होते. वर्षानुवर्षांच्या त्या शेंगतेलाला खवट वास सुटला होता. त्यावर गोठ्यातली धूळ आणि कडब्याचा भुसा बसून काळा, चिकट लगदा झाला होता. त्या लगद्यात मुंग्या चिकटून मेलेल्या असत, आणि बॅटरीमागे उंदरांनी फेट्याच्या चिंध्यांचे घरटे केले होते. आबा तिथे उभे राहून अभिमानाने म्हणत, "बघा, कशी तुकतुकीत हाय."

मी तेव्हा कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण करून उन्हाळ्यापुरती घरी आले होते. पुढे संशोधनासाठी पुण्याला जायचे ठरले होते, आणि गावातला एकेक दिवस मी शिक्षेसारखा मोजत होते. पण त्या वर्षी घरात एक खरी काळजी होती. माझी वहिनी नऊ महिन्यांची गरोदर होती. भाऊ सरहद्दीवर होता. तिचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, आटपाडीकडे झाले होते. डॉक्टरपर्यंत पोहोचायला उशीर झाला आणि मूल गेले. या वेळी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितले होते, मूल आडवे आहे, कळांची वाट पाहू नका, तारखेच्या आधीच येऊन राहा.

आबांनी ते ऐकले आणि बाजूला ठेवले. सांगलीत माझी मावशी होती, तिच्या दीड खोलीत वहिनीला ठेवता आले असते. पण मेव्हणीच्या दारात सून ठेवायची, हे त्यांना पटेना.

"कशाला कुणाच्या दारात जायाचं?" ते म्हणाले. "घरात मोटर हाय. कळा सुरू झाल्या की बसायचं, इटा, तासगाव आन् सांगली. लष्करात ह्याला तयारी म्हंत्यात."

म्हणजे वहिनीचा आणि तिच्या बाळाचा जीव त्या छपरीतल्या देवावर सोपवला गेला होता. मग मी नाकाला पदर लावला आणि बॉनेट उघडले.

इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो. तो पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो. तो तुटला की पाणी उकळते आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. हा पट्टा डॉक्टरांच्या काळापासूनचा होता. मी तो बोटांनी उलटा वाकवला. आतल्या बाजूला आडव्या भेगा पडल्या होत्या, आणि वरचा थर तेल पिऊन फुगला होता; नखाने दाबला तर खूण तशीच राहत होती. रबराला हवा आणि उष्णता जुने करतात, मग गाडी धावो अथवा न धावो. तेल तर त्याचा शत्रूच, कारण रबर ते शोषते, मऊ पडते आणि आतल्या सुतापासून सुटते. मीटरचा आकडा या दोन्हींबद्दल काहीही सांगत नाही. माझ्या हाताला खवट तेलाचा वास लागला होता, तो राखेने घासूनही गेला नाही.

संध्याकाळी आबा आणि त्यांच्या पलटणीतले एक हवालदार काका ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यापुढे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडणी केली.

"आबा, पट्टा बदलायला हवा. पाण्याच्या नळ्याही. आत्ताच, आपल्या सोयीने. नाहीतर तो त्याच्या सोयीने तुटेल, आणि गाडीत वहिनी असेल."

"चालली किती गाडी?" आबांनी विचारले.

"ते महत्त्वाचं नाही. वय बघा."

"आगं, चाललीच न्हाई तर झिजंल कशी?"

"भेगा पडल्यात."

"भेगा टाचंला बी पडत्यात. तेल लावलं की झालं."

हवालदार काका चंची उघडत हसले. "आवं सुभेदार, पोरीला कॉलेजात धाडलं, आता ती मोटरची नाडी बघाया लागली. उद्या म्हशीला चष्मा लावील."

"लावू दे की," आबा म्हणाले, "म्हस तरी हिच्यापरीस शानी वागंल." दोघेही बराच वेळ हसत राहिले. काकांनी तंबाखूची पिंक छपरीच्या भिंतीवर टाकली. दोन माणसांनी आयुष्यभर शिस्तीचे नाव घेतले आणि एका बाईचा जीव चंचीतल्या सुपारीइतका हलका धरला, हे मला असह्य झाले.

मी हिशेब केला. पट्टा टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती, मलाही नाही. तो सांगलीपर्यंत टिकलाही असता. पण विटा ते तासगाव हा रस्ता उन्हाळ्यात भाजून निघतो. तिथे गाडी थांबली तर सावली नाही, पाणी नाही. याउलट गाडी आज दारात निकामी झाली, तर नवा पट्टा आणायला हाताशी वेळ होता. बिघाड आजच, आणि दारातच व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा मळ्यात गेल्यावर मी स्वयंपाकघरातला सुरा घेऊन छपरीत गेले. पट्टा दाबला जाई, तुटत मात्र नव्हता. मागे पावलांचा आवाज आला. वहिनी दाराशी उभी होती, एक हात कमरेवर.

"वन्सं, काय करताय?"

मी सांगितले. लपवण्यासारखे काही नव्हते.

ती पट्ट्याजवळ आली. "आन् आजच कळा आल्या तर?"

"तर एसटी. संध्याकाळपर्यंत दोन गाड्या आहेत."

"आन् रातच्याला आल्या तर?"

मला खोटे बोलायचे नव्हते. "तर आपण अडकू," मी म्हणाले. "पण नवा पट्टा येईपर्यंतच."

ती आत गेली. मला वाटले, सासूला सांगायला गेली. ती परत आली ती विळा घेऊन. "त्यो सुरा बोथाट हाय," ती म्हणाली. "ह्यो घ्या. मी दाराकडं बघते."

विळ्याच्या पहिल्या ओढीला पट्टा फाटला. आतले सूत कुजल्यासारखे काळपट झाले होते आणि रबराचा थर जखमेवरच्या ओल्या खपलीसारखा माझ्या बोटांवर निघून आला.

संध्याकाळी मळ्यातून आल्यावर आबांनी तो तुकडा पाहिला. मी आतली बाजू त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी तिच्याकडे नजरही टाकली नाही. "चांगला पट्टा कापला," एवढेच ते म्हणाले, आणि घरातले कोणी वारल्यासारखे अंगणात बसून राहिले. आई त्यांना जेवायला बोलावत राहिली. मी नवा पट्टा आणायला पैसे मागितले, तेव्हा त्यांनी जाहीर केले की आता गाडी तशीच राहील. ज्यांनी कापला त्यांनी निस्तरावे. माझ्या हिशेबात हे कलम नव्हते. माणूस रुसून स्वतःच्याच सुनेची वाट बंद करील, हे मी धरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने वहिनीचे लुगडे आणि दुपटी पिशवीत भरली. मी आणि वहिनी एसटीने सांगलीला मावशीकडे गेलो. गाडी खचाखच भरली होती. कंडक्टरने वहिनीला पुढची जागा करून दिली आणि शेजारच्या म्हाताऱ्याने आपली कोंबडी मांडीवर घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते नेमके तेच अखेर घडत होते, आणि ते आबांच्या रुसव्यामुळे घडत होते.

चार दिवसांनी पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. ऑपरेशन झाले, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी तास-दीड तास गेला असता तर काही सांगता आले नसते.

आबा नातीला पाहायला एसटीने आले. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यांना ते मोठ्याने सांगू लागले, "आमच्यात मोटर हाय. पर लेकीनं पट्टा कापला म्हून सुनंला यष्टीत बसायची येळ आली." मला तिथून उठून जावेसे वाटले. खाटेवर पडलेले ते जिवंत मूलही त्यांना मोटारीच्या अपमानापेक्षा लहान दिसत होते. "आता नात मातर मोटरीतनंच घरी येईल," ते म्हणाले.

वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. सासऱ्यांसमोर ती सहसा बोलत नसे.

"आबा, आदी पट्टा आन् नळ्या नव्या घाला," ती म्हणाली. "मग तुमी एकलं मोटर घिऊन सांगलीला या, आन् माघारी जावा. आसं दोनदा करा. तिसऱ्या बारीला मी बसते. न्हाईतर यष्टी हाय."

शेजारच्या पाहुण्यांनी माना खाली घातल्या. आबा उठले आणि परतीची एसटी गाठायला निघाले.

त्यांनी सगळे नवे घातले. पहिल्या खेपेला ते धुळीने माखून, रागावलेले आले आणि वॉर्डात न येता परत गेले. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा तापलेल्या इंजिनावरून निळसर धूर निघत होता. वर्षानुवर्षांचे ते तेल जळत होते. टाके काढले त्या दिवशी ते तिसऱ्यांदा आले. वहिनीने बॉनेट उघडायला लावले, पट्टा स्वतःच्या बोटांनी दाबून पाहिला, हात लुगड्याला पुसले आणि मुलीला घेऊन मागे बसली. आबांनी गाडी सुरू केली. मी पुढे बसले होते. जळक्या, खवट तेलाचा वास आत भरला होता, आणि तासगाव येईपर्यंत मी तोंड खिडकीबाहेरच ठेवले.